लॅपटॉपवर आत्याचा फोन

पुण्यातली नोकरी न सोडता मी सोनपेठला राहायला आले, आणि पहिला आठवडा घरात रेंज शोधण्यात गेला. इंटरनेटची तार घरापर्यंत आली होती, पण मोबाईलचं काही खरं नव्हतं. स्वयंपाकघरात एक काडी, मधल्या खोलीत तीही नाही. रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीच्या गजाला फोन टेकवून ठेवला तरच पलीकडच्या माणसाचं वाक्य पुरं ऐकू यायचं. आणि माझं काम तर दिवसभर फोनवर बोलण्याचंच. ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत मी शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकते, ऐकता ऐकता टाइप करते, आणि काय बिघडलं असेल ते सांगते. खिडकीत उभं राहून टाइप करता येत नाही.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं उपाय सांगितला. फोन खिडकीतच राहू दे, म्हणाली, तो लॅपटॉपला जोड. जोडला. मग फोन आला की लॅपटॉप वाजायचा, पडद्याच्या कोपऱ्यात नंबर दिसायचा, हिरव्या खुणेवर बोट ठेवलं की बोलणं सुरू. कुणाला लावायचा असला तर नंबर बटणांवर टाइप करायचा. मी टेबलाशी, कानाला हेडफोन, आणि फोन दहा पावलांवर खिडकीत ऊन खात पडलेला.

बाबांना हे काही पटेना. ते समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत असायचे. एकदा म्हणाले, "तू कुणाशी बोलायलीस? फोन तर तिकडं हाय."

मी समजावून सांगितलं. ते उठले, खिडकीतला फोन हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि होता तसा गजाला टेकवून ठेवला. "मग ह्याचं काय काम राह्यलं?" एवढंच म्हणाले.

आमची पिठाची गिरणी आहे. घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून. चाळीस वर्षं बाबांनी ती एकट्यानं चालवली. आई गेल्यावरही एक दिवस पट्टा थांबला नाही. आता दळण फक्त सकाळी असतं, अकरापर्यंत. मग अंगावरचं पीठ झटकून, हातपाय धुऊन ते माझ्या खोलीत येऊन बसत. मला बरं वाटायचं. इतकी वर्षं मी दूर होते, म्हणून ते मला डोळे भरून बघतात असं मी समजत होते. ते माझ्या ओठांकडे बघत होते हे मला कळायला दोन महिने लागले.

टीव्ही मोठ्यानं लावायचे, पण गिरणीवाल्याच्या घरात टीव्ही मोठाच असतो. स्वतःचा फोन मात्र घ्यायचे नाहीत. वाजला की माझ्याकडे सरकवायचे. "मला फोनवर बोलायचा कंटाळा येतो," म्हणायचे. मी त्यावरही विश्वास ठेवला, कारण बाबांबद्दल माझ्या मनात आधीच एक अढी होती. ती सांगायला हवी.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, राणीसावरगावला राहते. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. आठव्या महिन्यात अचानक दवाखान्यात न्यावं लागलं आणि बाळ जन्मतानाच गेलेलं होतं. आत्यानं दवाखान्याच्या पायरीवर बसून पहिला फोन आपल्या भावाला केला. आणि भाऊ म्हणाला, "लय चांगलं झालं. येताना पेढे घेऊनच ये."

हे मला आतेबहिणीनं नंतर सांगितलं. मी तेव्हा पुण्यात होते. ती रडत नव्हती. शांतपणे म्हणाली, "मामा असं म्हणला गं. आईनं फोन ठेवला ते ठेवलाच." मला लाज वाटली. बाबा कमी बोलतात, तोंडावर काही दाखवत नाहीत, हे ठाऊक होतं, पण हे फारच झालं. मी बहिणीची माफी मागितली. बाबांना मात्र एका शब्दानंही विचारलं नाही. का विचारलं नाही, तर त्यांच्या तोंडून ते ऐकायची माझी तयारी नव्हती. राखी आली, भाऊबीज आली, आत्या आली नाही. बाबाही काही बोलले नाहीत. मला वाटलं, यांना काही पडलेलीच नाही.

तर मी आल्यावर दोन महिन्यांनी, एके दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी आलं की सगळी कामं बाजूला. मी दहा मिनिटांसाठी उठले आणि मागच्या अंगणात हौद भरायला गेले. सकाळीच हेडफोनचा एक कान बंद पडला होता, म्हणून हॉस्टेलच्या काळातले दोन छोटे स्पीकर ट्रंकेतून काढून लॅपटॉपला लावले होते. आवाज पुरता वर करून ठेवला होता.

बादली उचलली तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं. एक अनोळखी माणूस आणि बाबा.

मी ओल्या हातांनी दाराशी गेले. बाबा माझ्या खुर्चीत बसले होते, टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून, दोन स्पीकरच्या मधोमध डोकं घालून. पलीकडून एक शेतकरी सांगत होता की पहिल्या झाडांना पाणी मिळतंय, शेवटच्यांना थेंब नाही.

"नळीच्या टोकाचं बूच काढलाव का?" बाबा म्हणाले.

"न्हाई."

"मग काढा की. मोटर चालू करा अन् टोकातून पाणी जाऊ द्या. गाळ निघून जाईल. मग बूच लावा."

"फिल्टर पण बघू का?"

"बघाच. फिल्टर कवा धुतला व्हता?"

माणूस हसला. बाबाही हसले. दिवसातून दहादा मी जे सांगत होते तेच ते सांगत होते, माझ्या ओठांवरून पाठ झालेलं. पण मी दारात खिळले ती त्यामुळे नाही. बाबा ऐकत होते. मान न झुकवता, "हां, हां" न करता, प्रश्नाला प्रश्न करत, माणसासारखे फोनवर बोलत होते. आई गेल्यानंतर मी त्यांना असं बोलताना पाहिलंच नव्हतं.

फोन संपला. त्यांनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे उठले. "वाजायला लागला, म्हणून उचलला. चुकलं का काय?"

"काही चुकलं नाही," मी म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मुद्दाम पाठ फिरवली, टॉवेलनं हात पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, जेवायला काय करू?"

उत्तर आलं नाही. मी वळले. ते शांतपणे उभे होते. मी काही बोलले आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मी पाट मांडला, ताट वाढलं आणि त्यांच्या अगदी समोर बसले. "तुमाला ऐकू येत न्हाई ना?" पुण्यात इतकी वर्षं काढून माझी भाषा बदलली होती, पण हे मात्र गावच्याच बोलीत तोंडातून गेलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. "समोरच्याचं येतं. थोडं येतं, थोडं बघून कळतं. फोनवरचं न्हाई येत."

"कवापासून?"

"ते काय सांगावं? गिरणीत कळलंच न्हाई."

आणि ते खरंच होतं. गिरणी चालू असताना कुणालाच काही ऐकू येत नाही. बाया डबा पुढं करून बोटांची चिमूट करतात, म्हणजे बारीक. मूठ वळली की जाडसर. ज्वारी आहे की गहू ते डब्यातच दिसतं. बाबा तर पीठ कसं पडतंय हे दोन बोटांत चोळून सांगतात. जिथं सगळं गावच बहिऱ्यासारखं वागतं, तिथं एक माणूस खरोखरचा बहिरा झाला तर कुणाच्या ध्यानात येणार? आणि मग पट्टा थांबल्यावर त्यांनी लोकांत बसणं सोडलं, फोन सोडला, लग्नाकार्याला जाणं सोडलं. आम्ही म्हणालो, म्हातारपणानं माणूस घुम्या झाला.

तेव्हा मला ते पेढे आठवले. 

"बाबा," मी प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, "आत्यानं दवाखान्यातून फोन केला व्हता. काय म्हणली व्हती ती?"

"पोरगी मोकळी झाली म्हणली."

"अन् पुढं?"

"पुढचं काही उमगलं न्हाई. आवाज लय फाटायलाता. पण मोकळी झाली म्हणली म्हंजे बाळ झालंच की. मी म्हणलं, चांगलं झालं." त्यांनी तुकडा ताटात ठेवला. "पंधरा दिवसांनी बाजारात तिच्या गावचा एकजण भेटला. म्हणला, लेकरू राह्यलं न्हाई. म्हंजे मागून गेलं असंल. मी जायला निघालो, तर त्याच्याच हाती तिचा निरोप आला, येऊ नको म्हणावं. मी म्हणलं, बरोबर हाय. उशीर केला मी. परक्याकडून खबर लागली मला. तिला राग येणारच."

दीड वर्ष हा माणूस आपण उशीर केला म्हणून बहिणीनं तोडलं, असं समजून गप्प बसला होता.

मग मी त्यांना सांगितलं. आत्या "मोकळी झाली" म्हणाली ते खरं, पण पुढचं वाक्य "बाळ राह्यलं न्हाई" असं होतं. आणि त्यावर ते पेढे म्हणाले. सांगताना त्यांच्याकडे बघणं भाग होतं, नाहीतर त्यांना कळलं नसतं. बातमी सांगताना खाली बघायची सोयसुद्धा मला नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर शब्द एकेक करून पोहोचताना मी पाहिले.

"हे तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"तवाच."

"मग मला इचारायचं व्हतं."

आवाजात राग नव्हता.  ते जेवले नाहीत. ताटावरून उठून गिरणीत गेले. बंद गिरणीत, पिठाच्या वासात, पोत्यावर बसून राहिले. मी दोनदा डोकावून आले.

चारच्या सुमाराला ते स्वतःच माझ्या खोलीत आले. तोंड धुतलेलं, टोपी घातलेली. टेबलाकडे बोट करून म्हणाले, "त्या माणसाचा आवाज आला तसा तिचा येईल का?"

"येईल."

"लाव मग."

मी नंबर टाइप केला. हातात फोन असता तर कदाचित मी अंगणात जाऊन आधी आत्याशी बोलले असते, तिची तयारी केली असती. पण फोन खिडकीत होता आणि आम्ही दोघं पडद्यासमोर. रिंग वाजू लागली, आणि बाबा हात जोडल्यासारखे दोन्ही तळवे टेबलावर धरून बसले.

"बोल गं माय," आत्याचा आवाज खोलीभर झाला. "आज बरी आठवण आली."

बाबा दचकले. दीड वर्षात तो आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता, आणि नीट तर त्याहून कितीतरी अधिक काळ नाही. मी काही बोलायच्या आत ते ओरडले, "मी हाय!"

 फोन कट होईल म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथं सेकंद पुढं सरकत होते.

"मला ऐकू येत न्हाई, बाई," बाबा म्हणाले. "कान गेलेत माझे. तू दवाखान्यातून बोललीस तवा मला कळलंच न्हाई. मला वाटलं, लेकरू झालं. आज पोरीनं सांगितलं मला."

 आत्या अगदी हळू काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं, त्यांना नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकन एक कोरं पान उघडलं, अक्षर मोठ्यात मोठं केलं आणि टाइप केलं: खरं सांगतोस का?

बाबांनी ते वाचलं. "आईच्यान," ते म्हणाले.

मग आत्याला बोलणं आवरेना. तू भाऊ असून असं कसं बोललास म्हणून मी रात्रंदिवस झुरले. सासरच्यांनी विचारलं भाऊ का येत नाही, त्यांना काय सांगू. माझ्या पोरीला मामाचं नाव काढू दिलं नाही. आत्याचा आवाज चढला की बाबांना ऐकू यायचं, उतरला की मी टाइप करायची. माझी बोटं कामामुळे सरावलेली आहेत, लोकांचं बोलणं मी रोजच टिपते. पण एका ठिकाणी ती थांबली. आत्या रडू लागली होती. स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. ते काय टाइप करावं मला कळेना. बाबा रिकाम्या पडद्याकडे बघत होते. शेवटी मी लिहिलं, रडायलीय.

"कळायलंय मला," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्पीकरच्या आणखी जवळ सरकले. "आता परत सांग," म्हणाले. "पहिल्यापासून. तवा मी ऐकलंच न्हाई. काय काय झालं ते सांग मला."

आत्यानं सांगितलं. पहाटे पोट दुखू लागलं तिथपासून. जीप कुणाची मिळाली, गंगाखेडला पोचायला किती वेळ लागला, डॉक्टरीणबाई बाहेर येऊन कशी उभी राहिली. दीड वर्षांपूर्वी जे ती पायरीवर बसून एका वाक्यात सांगू पाहत होती, ते आता तिनं अर्धा तास घेऊन सांगितलं, आणि तिचा भाऊ एकेका गोष्टीला "मग?" म्हणत होता.

"काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

"पोरगी व्हती."

"कुणावर गेली व्हती?"

 आत्या म्हणाली, "आपल्या आईवर. तसंच कपाळ."

हे मला टाइप करावं लागलं नाही. बाबांनी ते ऐकलं होतं. ते डोळे पुसत नव्हते, पाणी तसंच गालावरून मिशीत उतरत होतं.

तेवढ्या वेळात दोन शेतकऱ्यांचे फोन येऊन गेले, कोपऱ्यात त्यांचे नंबर चमकले. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. नोकरीत पहिल्यांदाच.

आत्यानं शेवटी "बरं, ठेवते" म्हटलं आणि ठेवला. ये म्हणाली नाही. येते म्हणाली नाही. बाबा बराच वेळ त्याच खुर्चीत बसून राहिले, आणि मला वाटलं, एवढ्यानं काही झालं नाही बहुतेक. दीड वर्षाचं दुखणं एका फोननं जात नसतं. चार दिवस कुणीच कुणाला फोन केला नाही. पाचव्या दिवशी, भर कामाच्या वेळेला, लॅपटॉप वाजला आणि कोपऱ्यात आत्याचं नाव आलं. "तो हाय का तिथं?" तिनं विचारलं. "त्याला म्हणावं, कान दाखीव परभणीला जाऊन. असाच बसू नको."

आम्ही परभणीला गेलो. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांची नस कमजोर झालेली आहे, यंत्रानं फायदा होईल. यंत्र आलं. गिरणीत ते घालता येत नाही, सगळी घरघर डोक्यात शिरते. बाजारात घातलं की बरंच कळतं, असं ते म्हणतात. फोन कानाला लावला की मात्र त्यातून शीळ वाजते, त्यामुळे फोनवर बोलायचं म्हणजे अजून लॅपटॉपच.

पुढं एकदा एसटीनं आम्ही राणीसावरगावलाही जाऊन आलो. आतेबहीण माहेरीच होती. तिनं बाबांच्या पायाला हात लावला आणि उजवीकडे बसली. आत्यानं तिला डावीकडे बसायला लावलं, "तो कान बरा हाय त्याचा," म्हणाली. बाबांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. कुणी जुनं काही काढलं नाही. काढायचं ते फोनवर काढून झालं होतं. समोरासमोर बसल्यावर ते इतकं सलग बोलता आलं असतं का, याची मला शंका आहे. समोर माणूस असला की आपण त्याचा चेहरा सांभाळत बोलतो. त्या दिवशी बाबांसमोर चेहरा नव्हता, आवाज होता आणि पडद्यावर माझी मोठाली अक्षरं.

मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतली आहे. कुणाबद्दल काही कानावर आलं की त्याला विचारते. जड जातं. अर्ध्या वेळा धीर होत नाही. पण विचारते.

आता आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी माझं काम उरकलं की मी आत्याला फोन लावून देते आणि खोलीबाहेर जाते. भावाबहिणीचं बोलणं त्यांचं त्यांना बोलू द्यावं म्हणून. पण स्पीकरचा आवाज पुरता वर असतो आणि खिडकी उघडी असते, कारण फोन तिथं आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू दळणाचा डबा घेऊन आल्या आणि मला बाजूला घेऊन काळजीनं विचारू लागल्या, "का गं, तुझ्या आत्याच्या गुडघ्याला त्या नव्या तेलानं काही फरक पडला का?"